जुन्या आणि कलेक्शनच्या गाड्यांची किंमत कशी काढायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गाड्यांचा नाद असला की लोक फोटो पाठवून विचारतात, "किती येतील?" फोटो एकच असतो, समोरून काढलेला, आणि बऱ्याचदा गाडीवर नुकतंच पाणी मारलेलं असतं. ओला पत्रा फोटोत नव्या पेंटसारखा चमकतो हे सगळ्यांना माहीत झालंय. त्या एका फोटोवरून मी काहीच सांगू शकत नाही, पण प्रश्न तेच तेच येतात म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवतोय.

सरळ एक आकडा सांगा ना, एवढं काय त्यात?

आकडा कशासाठी हवाय ते आधी सांगा. एकाच गाडीच्या एकाच दिवशी चार किमती असू शकतात आणि चारही खऱ्या असतात. आठ दिवसात पैसे हवेत म्हणून डीलरला दिली तर एक, सहा महिने थांबून शौकीन माणसाला विकली तर दुसरी, लिलावात गेली तर तिसरी, आणि विम्यासाठी चौथी, जी सहसा सगळ्यात वरची, कारण उद्या गाडी जळली तर तशीच गाडी शोधून आणायला काय लागेल ते त्यात धरायचं असतं. भावाभावांत वाटणी करायची असेल तर अजून वेगळं. त्यामुळे कोणी न विचारता थेट आकडा फेकला तर समजा की तो एकतर गाडी घ्यायला आलाय नाहीतर त्याला काही कळत नाही.

गाडी जितकी जुनी तितकी किंमत जास्त, बरोबर?

नाही. नवी गाडी शोरूममधून बाहेर पडली की किंमत घसरायला लागते, घसरत घसरत पार तळाला जाते, तिथे ती बरीच वर्षं नुसती "जुनी गाडी" म्हणून पडून राहते, आणि मग त्यातल्या थोड्याशाच गाड्या परत वर चढतात. बाकीच्या तळालाच राहतात आणि भंगारात जातात. वय झालं म्हणून कोणी पैसे देत नाही, ती कोणाला तरी हवी असावी लागते.

पोर्श ९११ चं बघा. १९९८ पर्यंतच्या ९११ एअर-कूल्ड होत्या, त्यांच्यामागे लोक वेडे. त्यानंतर आलेली ९९६ पाण्याने थंड होणारी, हेडलाइट तळलेल्या अंड्यासारखे म्हणून लोकांनी नाकं मुरडली, वर इंजिनातल्या एका बेअरिंगची बदनामी झाली. बरीच वर्षं ती सगळ्यात स्वस्त ९११ होती. नवी असूनही स्वस्त. आता कुठे लोक तिच्याकडे वळायला लागलेत.

माझ्याकडे अमुक मॉडेल आहे, त्याची किंमत काय?

मॉडेलच्या नावाला किंमत नसते, व्हेरिएंटला असते. जग्वार ई-टाइप म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर एकच लांब बॉनेटची गाडी येते, पण ती १९६१ ते १९७४ पर्यंत बनत होती आणि त्यात तीन सिरीज आहेत, दोन सीटची उघडी, दोन सीटची बंद, शिवाय मागे छोट्या सीटवाली लांब गाडी. पहिल्या सिरीजच्या, हेडलाइटवर काच असलेल्या उघड्या गाडीचा भाव आणि दुसऱ्या सिरीजच्या मागे सीट असलेल्या बंद गाडीचा भाव यात इतकं अंतर आहे की नाव सारखं असणं हा योगायोग वाटावा. आणि पहिल्या सिरीजमध्येसुद्धा अगदी सुरुवातीच्या गाड्या, ज्यांचा पायाखालचा पत्रा सपाट होता आणि बॉनेटची कुलपं बाहेरून होती, त्या वेगळ्याच. गंमत म्हणजे सपाट फ्लोअरमुळे उंच माणसाला त्यात नीट बसताच येत नाही, म्हणून तर कंपनीने नंतर पत्र्याला खड्डा दिला. पण कलेक्टर पैसे गैरसोयीच्या गाडीलाच जास्त देतो!

तसंच बीटलचं. दोन कोटी पंधरा लाखांच्या वर बनल्या, शेवटची २००३ मध्ये. मग दुर्मिळ कशी? पण १९५३ च्या सुरुवातीपर्यंतच्या बीटलला मागची काच दोन तुकड्यांची होती, मधे पट्टी. ती काच असेल तर बोलणी वेगळ्या मजल्यावर सुरू होतात.

तर सगळ्यात आधी आपल्याकडे नक्की काय आहे ते ठरवा. वर्ष, सिरीज, बॉडी, इंजिन, गिअरबॉक्स. यात चूक झाली तर पुढचं सगळं गणित फुकट.

नक्की काय आहे ते कळणार कसं? कागदावर तर नुसतं नाव आणि वर्ष आहे.

चेसिस नंबर वाचायचा. अमेरिकेत १९८१ पासून सतरा अक्षरांचा नंबर प्रमाण झाला, त्याआधी प्रत्येक कंपनीची आपली तऱ्हा. साठच्या दशकातल्या फोर्ड मस्टँगचा नंबर फार बोलका असतो, पहिला आकडा वर्षाचा, मग कारखान्याचं अक्षर, मग बॉडीचे दोन आकडे आणि पाचव्या जागी इंजिनचं अक्षर. १९६५ ते ६७ च्या मस्टँगमध्ये तिथे 'के' असेल तर ती २८९ घनइंचाचं हाय-परफॉर्मन्स इंजिन घेऊन कारखान्यातून निघाली होती, आज तिथे कुठलंही इंजिन बसलेलं असो. एका अक्षरावर किंमत फिरते. उलट त्याच काळातल्या शेवरलेच्या नंबरात नेमकं इंजिन लिहिलेलंच नसायचं, ते १९७२ पासून यायला लागलं, म्हणून तिथे कारखान्याचा मूळ कागद मिळाला तर त्याला सोन्याचा भाव, आणि नकली "एसएस" (सुपर स्पोर्ट, म्हणजे जास्त ताकदीचं मॉडेल) गाड्या सुद्धा म्हणूनच तिकडे जास्त.

किमतीचे गाइड असतात ना, त्यात बघून झालं?

सुरुवात म्हणून उत्तम. हॅगर्टी या जुन्या गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या अमेरिकन कंपनीचं गाइड सगळ्यात जास्त वापरलं जातं, त्यात प्रत्येक गाडीला १ ते ४ अशा चार कंडिशनचे भाव असतात. १ म्हणजे स्पर्धेत बक्षीस घेणारी, जगातल्या उत्तम नमुन्यांपैकी. २ म्हणजे फार छान, जाणकाराने जवळ जाऊन बघितलं तरच दोष सापडेल. ३ म्हणजे चालवायला चांगली, रस्त्यावरून जाताना लोक वळून बघतील पण जवळ आल्यावर बारीकसारीक खुणा दिसतील. ४ म्हणजे चालते, पण लांबूनच कळतं.

पण गाइडमधले भाव नेहमीच्या गाडीचे असतात. तुमच्या गाडीला कोणता रंग आहे, कोणते ऑप्शन आहेत, इंजिन मूळचं आहे का, हे तुम्हालाच बेरीज-वजाबाकी करून काढायचंय. आणि जी गाडी वर्षा-दोन वर्षांत एखादीच विकली जाते तिच्या बाबतीत गाइडचा आकडा म्हणजे सुशिक्षित अंदाज.

माझी गाडी कंडिशन २ मध्ये बसते ना?

नाही बसत. राग मानू नका, पण नाही बसत. मी आजवर ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या जवळपास सगळ्यांनी स्वतःची गाडी एक पायरी वर सांगितली, मी स्वतःसुद्धा सांगतो. रोज बघून बघून डोळ्यांना सवय होते, दरवाजा उचलून लावावा लागतो हे हाताला इतकं पाठ झालेलं असतं की तो दोष आहे हेच विसरायला होतं. अन् भावातला सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो, कारण २ आणि ३ मधलं अंतर म्हणजे पाच-दहा टक्के नव्हे, कितीतरी गाड्यांमध्ये तिसरा हिस्सा किंमत इथे उडते.

म्हणून माझा नियम, मनात जो आकडा येईल त्याच्या एक पायरी खालून सुरुवात करायची, आणि वर जायचं असेल तर गाडीने ते सिद्ध करायचं. बघायचं कसं ते सांगतो. उन्हात उभी करायची, कोरडी. बॉनेट, दरवाजे, डिकी यांच्या फटी सगळीकडे सारख्या आहेत का ते बोट फिरवून बघा, एका टोकाला बोट जातं आणि दुसऱ्या टोकाला नख पण जात नाही तर तिथे कधीतरी ठोकलेली आहे किंवा पत्रा बदललाय. मग दरवाजा उघडून खालच्या कडेच्या आतून बोट फिरवा, पाणी तिथेच साचतं, गंज तिथूनच येतो. मग कार्पेट उचला. कार्पेट उचलू देत नाही असा विक्रेता भेटला तर चहा पिऊन घरी या. डिकीत स्टेपनी काढून तिच्या खालचा खड्डा बघा. चाकांच्या वरची कमान आतून चाचपा, नुसती बाहेरून नको.

एक छोटं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून खिशात ठेवायचं. पत्र्यावर ते चिकटतं, पुट्टीवर घसरून पडतं. पेंटची जाडी मोजायचं मशीन मिळालं तर अजून छान, कारखान्याचा पेंट साधारण १०० ते १८० मायक्रॉनच्या आसपास असतो, एकदा रंगवली असेल तर त्याच्या दुप्पट, आणि जिथे आकडा हजाराच्या वर उडी मारतो तिथे पेंटखाली पुट्टीची भाकरी थापलेली आहे. (कॉर्व्हेटवर चुंबक फिरवून घाबरू नका, ती १९५३ पासून फायबरग्लासचीच आहे. मर्सिडीज ३०० एसएलचं बॉनेट आणि दरवाजे पण ॲल्युमिनियमचे.)

हे शहाणपण मला फुकट नाही मिळालं. माझी पहिली जुनी गाडी मी संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली बघून घेतली होती, पेंट आरशासारखा, मालक गोड बोलणारा. पुढच्या पावसाळ्यानंतर मागच्या चाकाच्या कमानीवर एक फोड आला, नखाने टोकरला तर पापुद्रा निघाला, त्याच्याखाली पुट्टी, त्याच्याखाली वर्तमानपत्राचा बोळा. पत्रा नव्हताच तिथे! वर्तमानपत्राची तारीख मात्र वाचता येत होती, त्यावरून काम कधी झालं ते कळलं, एवढाच फायदा.

'मॅचिंग नंबर' म्हणजे नक्की काय आणि त्याने किती फरक पडतो?

गाडी कारखान्यातून जे इंजिन घेऊन निघाली तेच आजही तिच्यात आहे, याला मॅचिंग नंबर म्हणतात. कडक लोक गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल पण धरतात. काही गाड्यांमध्ये इंजिनवर चेसिस नंबरचाच तुकडा ठोकलेला असतो, काहींत इंजिनचा नंबर वेगळा असतो आणि तो कंपनीच्या नोंदीशी ताडून बघावा लागतो.

फरक गाडीवर आहे. साध्या फॅमिली गाडीत इंजिन बदललेलं असेल तर फारसं कोणी विचारत नाही. पण ज्या गाडीची सगळी किंमतच तिच्या इंजिनमुळे आहे, मसल कार (मोठ्या ताकदवान इंजिनची अमेरिकन गाडी) किंवा रेसिंगच्या जवळची गाडी, तिथे मूळ इंजिन नसेल तर मोठा खड्डा पडतो. आणि जिथे पैसा तिथे हातचलाखी, मूळ नंबर घासून नवा ठोकतात. म्हणून नंबर जिथे असतो ती जागा नीट बघायची, कारखान्याच्या मशीनच्या बारीक समांतर रेघा तिथे दिसायला हव्यात, ग्राइंडर मारल्यासारखा गुळगुळीत चकाकणारा पट्टा नको. अक्षरांचं वळण पण ताडून बघा. शिवाय इंजिनच्या ब्लॉकवर ओतकामाची तारीख असते, ती गाडी बनल्याच्या तारखेच्या आधीची हवी ना! गाडी मार्चमध्ये बनली आणि ब्लॉक जूनमध्ये ओतला असं कसं होईल.

कागदपत्रांना खरंच एवढी किंमत असते का?

हो. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या, रंग तोच, कंडिशन तीच, एकीसोबत पहिल्या मालकापासूनची बिलं, सर्व्हिसचं पुस्तक, जुने फोटो आणि दुसरीसोबत नुसती चावी. पहिली आधी विकली जाते आणि जास्तीला विकली जाते.

कंपन्यांच्या जुन्या नोंदीतून दाखला मिळतो. जग्वारच्या हेरिटेज ट्रस्टचा दाखला असतो, त्यात गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, इंजिन-गिअरबॉक्स-बॉडीचे नंबर काय ते सगळं येतं. फोर्डसाठी १९६७ पासूनच्या गाड्यांचा मार्टी रिपोर्ट निघतो. फेरारी स्वतःच्या क्लासिके विभागातून तपासणी करून लाल पुस्तक देते. विकायच्या आधी यातलं जे लागू असेल ते काढून घ्या, खर्च गाडीच्या मानाने किरकोळ. पण काढताना मन घट्ट करा, कधीकधी दाखला सांगतो की तुमची लाल गाडी मुळात मातकट रंगाची होती.

रनिंग कमी आहे, फक्त ४०,००० दाखवतंय. मग भाव जास्त ना?

दाखवतंय ते ठीक, पण मीटर पाच आकडी आहे का ते बघा. जुन्या मीटरवर ९९,९९९ नंतर परत शून्य येतं, म्हणजे ४०,००० चे १,४०,००० असू शकतात किंवा त्याहून जास्त. ते मीटरवरून नाही, ब्रेक पेडलच्या रबरावरून कळतं, ड्रायव्हर सीटच्या बाहेरच्या कडेवरून, स्टिअरिंगच्या वरच्या भागावरून, दरवाजाच्या बिजागरीच्या खेळावरून. जुन्या बिलांवर रनिंग लिहिलेलं असतं, ती ओळीने लावून बघा आकडे चढत जातात का.

टायर पण बघा, २००० पासून टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३११ म्हणजे २०११ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी आणि टायर पंधरा वर्षांचे, म्हणजे गाडी चाललेली नाही हे खरं, पण चालवायची तर आधी चारही टायर बदलायचे. ते भावातून वजा.

फार कमी रनिंगचा एक वांधा असा की घेणारा ती चालवत नाही, चालवली की किंमत उतरते.

रिस्टोअर केलेली जास्त जाते की मूळ अवस्थेतली?

पूर्वी याचं उत्तर सोपं होतं, चकाचक ती भारी. आता बदललंय. मूळ पेंट, मूळ सीटचं कापड, जरा विटलेलं का असेना, पण कारखान्यातून आलं तसं असेल तर लोक रांग लावतात, कारण रिस्टोअर केव्हाही करता येतं, मूळ एकदाच असतं.

२०२० च्या जानेवारीत एक हिरवी मस्टँग लिलावात गेली, १९६८ च्या एका गाजलेल्या सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली. नंतर ज्या घराने ती घेतली त्यांनी ती चक्क फॅमिली गाडी म्हणून वापरली, मग कितीतरी वर्षं ती झाकून उभी होती. डेंट तसेच, रंग विटका, सिनेमावाल्यांनी कॅमेरा बसवायला केलेले जोड तसेच खाली. ३४ लाख डॉलरला हातोडा पडला. कोणी तिला प्रेमाने नवा हिरवा रंग मारला असता तर? विचार करूनच पोटात गोळा येतो.

पण म्हणून प्रत्येक गंजलेली गाडी 'ओरिजिनल' होत नाही हां. जपलेली आणि टाकून दिलेली यात फरक आहे. छप्पर गळून सीट कुजलेली गाडी मूळ अवस्थेतली नसते, ती नुसती खराब गाडी असते.

मी रिस्टोरेशनवर एवढा खर्च केला, तो किमतीत धरायचा ना?

सगळ्यात दुखरा प्रश्न. नाही धरता येत. घेणारा तुमची बिलं बघून समाधानी होतो, पण पैसे बाजारभावाचे देतो. पूर्ण रिस्टोरेशनला बहुतेक गाड्यांमध्ये गाडीच्या तयार किमतीपेक्षा जास्त खर्च येतो, पत्र्याचं काम आणि क्रोम हे दोन तर खिसा फाडतात. पैसे सुटतात ते फक्त मुळातच फार महाग गाड्यांमध्ये. म्हणून जाणकार सांगतात की दुसऱ्याने रिस्टोअर केलेली गाडी घ्या, त्याचं नुकसान होऊन गेलेलं असतं.

बिलं मात्र जपून ठेवा, कामाचे फोटो सुद्धा, विशेषतः पत्रा उघडा असतानाचे. खर्च परत येत नाही पण पुट्टी नाहीये याचा पुरावा तोच.

मी अलॉय, पॉवर स्टिअरिंग, एसी, मोठं इंजिन असं सगळं टाकलंय. भाव वाढेल?

ज्याला तुमचीच आवड आहे त्याच्यासाठी वाढेल, आणि तसा माणूस भेटेपर्यंत थांबावं लागेल. साधा हिशोब असा की जे परत काढून मूळ पार्ट लावता येतं त्याने फारसं बिघडत नाही, जिथे पत्रा कापलाय, वेल्डिंग केलंय तिथे किंमत खाली. मूळ चाकं, मूळ स्टिअरिंग, मूळ कार्ब्युरेटर कोपऱ्यात पडलेलं असेल तर विकताना सोबत द्या. इग्निशन किंवा ब्रेकमधल्या न दिसणाऱ्या सुधारणा बहुतेक जण माफ करतात.

सिंगरसारखे नामवंत लोक जुनी ९११ घेऊन ती नव्याने घडवतात आणि प्रचंड किंमत घेतात, ते वेगळं. तिथे किंमत त्या कारागिराच्या नावाची आहे.

ऑनलाइन तशीच गाडी दुप्पट भावाला लावलेली बघितली, मग माझी पण तेवढ्याची ना?

लावलेली की विकलेली? जाहिरातीतला आकडा म्हणजे विक्रेत्याचं स्वप्न. तीच जाहिरात आठ महिने दिसतेय तर तो भाव नाही हेच सिद्ध झालं. विकलेल्या गाड्यांचे आकडे शोधा, मोठी लिलावघरं आणि ब्रिंग अ ट्रेलरसारख्या ऑनलाइन लिलावाच्या साइट ते उघड ठेवतात, आणि जी विकली गेली नाही तिची शेवटची बोली पण दिसते, ती सुद्धा कामाची, निदान तिथपर्यंत कोणीतरी तयार होतं.

लिलावाचा आकडा वाचताना एक बघा, हातोडा पडला तो आकडा आहे की फी धरून. वरच्या मस्टँगचंच घ्या, हातोडा ३४ लाखांवर, पण बातम्यांत आलं ३७.४ लाख, कारण घेणाऱ्याची दहा टक्के फी वर चढली. ती लिलावघराला जाते. विकणाऱ्याचा हिशोब हातोड्याच्या आकड्यावर होतो, आणि त्यातूनही बऱ्याच ठिकाणी कमिशन कापतात.

बरं, मग प्रत्यक्ष गणित करून दाखवा.

समजा तुमच्याच व्हेरिएंटच्या तीन गाड्या गेल्या वर्षभरात विकल्या गेल्या. कुठलंही चलन नको, नुसते आकडे घेऊ. एक ११० ला, पण ती पूर्ण रिस्टोअर केलेली, मॅचिंग नंबर, फी धरून. दुसरी ७२ ला, चालवायला चांगली, कागद बरे. तिसरी ४० ला, चालू पण पत्र्याचं काम असलेली. तुम्हाला वाटतं आपली ९० ची आहे. एक पायरी खाली या, म्हणजे तुलना ७२ वालीशी. आता तिच्यात आणि तुमच्यात फरक काय? तुमच्याकडे पहिल्या मालकापासूनची बिलं आहेत, ५ वाढवा. टायर जुने आणि क्लच घसरतोय, ६ कमी. इंजिन त्याच प्रकारचं पण मूळचं नाही, १० कमी. आलं ६१. म्हणजे शांतपणे विकायची तर ५८ ते ६५ च्या मधे कुठेतरी, घाई असेल तर ५० च्या आसपास डीलर, आणि विम्याला ७० पर्यंत सांगायला हरकत नाही.

हे ६ आणि १० आले कुठून विचाराल तर टायर-क्लचचे खर्च विचारून, आणि इंजिनचे इतर विकलेल्या गाड्यांत मूळ इंजिन असलेल्या-नसलेल्यांत किती अंतर पडलं ते बघून. तीन गाड्या कमीच आहेत, आठ-दहा मिळाल्या तर छान. एकाच विक्रीवर कधीच जाऊ नका, त्या दिवशी हॉलमध्ये दोन हट्टी माणसं समोरासमोर बसली असतील तर आकडा कुठेही जातो.

गाडी दुर्मिळ आहे, फार थोड्या बनल्या. मग महागच ना?

थोड्या बनल्या कारण कोणाला नको होत्या, असंही असतं. दुर्मिळ आणि हवीशी, दोन्ही लागतं. फेरारी २५० जीटीओ ३६ च बनल्या, पण त्या रेस जिंकल्या, दिसायला देखण्या, आणि मालकांची यादी म्हणजे एक क्लबच, म्हणून २०१८ मध्ये एक ४.८४ कोटी डॉलरला गेली. त्याच काळात इतक्याच कमी बनलेल्या कितीतरी गाड्या आहेत ज्यांचं नाव कोणाला आठवत नाही, त्यांचं काच-रबर मिळत नाही म्हणून उलट भाव कमी.

आणि हे "या रंगात, या सीटच्या कापडात, या रेडिओसकट एकच बनली" वालं गणित, अशा अटी घालत गेलं तर माझी सायकल पण जगात एकच आहे.

बातम्यांत रेकॉर्ड भाव येतात, त्याचा आपल्या गाडीवर परिणाम होतो का?

२०२२ च्या मे महिन्यात १९५५ ची मर्सिडीज ३०० एसएलआर उहलेनहाउट कुपे १३.५ कोटी युरोला गेली. तशा दोनच बनल्या होत्या आणि दोन्ही कंपनीकडेच होत्या. याचा तुमच्या जुन्या मर्सिडीज सेडानवर परिणाम? शून्य. पण बातमी आली की आठवडाभर मला फोन येतात.

मग भाव खरोखर वर-खाली कशाने होतात?

मुख्य म्हणजे माणसांच्या वयाने. ज्या गाडीचं पोस्टर पोराने भिंतीवर लावलेलं असतं ती गाडी तो पैसा हातात आल्यावर, चाळिशी-पन्नाशीत घेतो. म्हणून भावाची लाट पिढीबरोबर सरकते, युद्धाआधीच्या बऱ्याच गाड्यांना आता गिऱ्हाईक कमी आणि ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या जपानी गाड्या जोरात.

नियमांनी पण होतं. अमेरिकेत २५ वर्षं पूर्ण झालेली गाडी तिथल्या सुरक्षा नियमांची अट न लागता आयात करता येते. निसान स्कायलाइन जीटी-आर तिथे कधी विकलीच गेली नव्हती, तिची आर३२ पिढी १९८९ ची, म्हणजे २०१४ पासून दार उघडलं, आणि तेव्हापासून जपानमधल्या गाड्यांना अमेरिकन गिऱ्हाईक लागलं. आर३४ चं १९९९ धरून २०२४. अशा तारखा आधीपासून माहीत असतात, त्यामुळे भाव पण आधीच चढायला लागतो.

आणि सट्टा. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी गेले, आधीच तापलेला फेरारीचा बाजार पेटला, गाडी न बघता लोक घेत होते आणि महिन्याभरात पुढे विकत होते. १९९० नंतर तो बाजार असा बसला की शेवटी ज्यांच्या हातात गाड्या उरल्या त्यांना वर्षानुवर्षं तो भाव परत दिसला नाही. गाडी "गुंतवणूक" म्हणून घ्या असं कोणी सांगायला लागलं की मला हेच आठवतं, त्यात गॅरेज, विमा, बॅटरी, रबर, टायर हा खर्च कोणी धरत नाही.

पैसे देऊन व्हॅल्यूएशन करून घ्यावं का?

महाग गाडी, वाटणी, कोर्ट किंवा विमा असेल तर घ्या. माणूस असा बघा ज्याला तुमचीच गाडी विकत घ्यायची नाही, विकून द्यायची नाही, आणि जो फी ठरलेली घेतो, किमतीच्या टक्क्यांवर नाही. तो गाडीखाली झोपला नाही, फोटोच बघून दाखला दिला, तर तो कागद कशाच्याच कामाचा नाही. स्वस्तातला पर्याय म्हणजे त्याच मॉडेलच्या मालकांचा क्लब, तिथले म्हातारे लोक एका नजरेत सांगतात की हा आरसा या वर्षाचा नाही.

विम्यात 'ॲग्रीड व्हॅल्यू' घ्यायची का?

मिळत असेल तर हो. साध्या पॉलिसीत घसारा धरून पैसे देतात, म्हणजे जुन्या गाडीला जवळपास काहीच नाही. ॲग्रीड व्हॅल्यूमध्ये आकडा आधी ठरतो आणि गाडी पूर्ण गेली तर तेवढे मिळतात. नावात फसू नका, 'स्टेटेड व्हॅल्यू' म्हणून दुसरं असतं, त्यात तुम्ही सांगितलेला आकडा ही बहुधा वरची मर्यादा असते आणि कंपनी त्याहून कमी देऊ शकते. आणि दर दोनेक वर्षांनी आकडा परत बघा.

गाडी बंद पडून आहे, पंधरा वर्षं. विकण्याआधी चालू करून घेऊ का?

थोडक्यात व्हायचं असेल तर करा. चालू इंजिन ऐकून घेणाऱ्याची भीती जाते, आणि बंद गाडीच्या भावातून तो वाईटात वाईट धरूनच पैसे कापतो. पण किल्ली फिरवून नुसती स्टार्टर मारू नका, जुनं पेट्रोल काढा, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दिवसभर ठेवा आणि इंजिन आधी हाताने फिरतंय का बघा. घाईत जाम रिंग तुटल्या तर होती ती किंमत पण गेली.

धूळ मात्र पुसू नका इतक्यात! २०१५ मध्ये पॅरिसला बायों कलेक्शनचा लिलाव झाला, शेडमध्ये कित्येक दशकं पडलेल्या गाड्या, त्या तशाच धुळीसकट विकल्या, त्यातली एक फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर १.६ कोटी युरोच्या वर गेली. धुळीने किंमत वाढते असं नाही, पण आधी धुळीतले फोटो काढा, मग धुवा, दोन्ही दाखवा.

गाडीसोबत पार्टांची दोन-तीन खोकी पण आहेत, त्यांचे वेगळे पैसे मागू का?

खोकी उघडून यादी केलीत तर. क्रोमच्या पट्ट्या, मूळ लाइट, काचा, घड्याळ, टूलकिट, मॅन्युअल यांना खरंच किंमत असते, कधीकधी एक हरवलेली पट्टी शोधण्यात माणसाचं वर्ष जातं. वापरलेले प्लग आणि गंजलेले नटबोल्ट यांना नसते. यादी न करता "भरपूर स्पेअर सोबत" असं लिहिलंत तर घेणारा शून्य धरतो, आणि त्याचं चुकत नाही. मी एका गाडीसोबत अशी तीन खोकी न उघडता जास्तीचे पैसे देऊन घेतली होती. घरी येऊन बघितलं तर डाव्या दरवाजाच्या चार काचा निघाल्या. माझी फुटलेली होती ती उजवी.